शब्दाची पत : 'मृच्छकटिक', 'उचल्या' आणि निरपराध दंडिताचे कथन

१

निरपराध माणसाला शिक्षा होणे हा विषय साहित्याला नवा नाही. सत्य एका बाजूला आणि निर्णय दुसऱ्या बाजूला, अशी ही स्थिती असल्याने तिच्यात नाट्य उपजतच असते. वाचकाला अथवा प्रेक्षकाला सत्य आधीच ठाऊक असते. न्यायासनाला ते ठाऊक नसते. आणि ज्याला ते सर्वांत अधिक ठाऊक असते त्या आरोपीच्या सांगण्याला किंमत उरलेली नसते. या तिसऱ्या गोष्टीकडे मात्र समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले दिसत नाही. अशा कथानकांची चर्चा बहुधा दैवगती, नायकाचे धीरोदात्तत्व अथवा सत्याचा अंतिम विजय या अंगांनी होत आली आहे. माणसाचा शब्द न्यायासनासमोर कशामुळे खरा ठरतो आणि कशामुळे खोटा, हा प्रश्न त्या चर्चेत मागे पडतो.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी शूद्रकाचे 'मृच्छकटिक', विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे', मराठीतील तुरुंगवाङ्मय आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे आत्मकथन यांचा आधार घेतला आहे. सर्वोच्च न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी महाराष्ट्रातील एका खटल्यात दिलेला निकाल या साहित्याशेजारी ठेवून वाचला आहे. साहित्यकृती आणि निकालपत्र यांचे प्रयोजन वेगळे असते, हे खरे. परंतु घडून गेलेल्या गोष्टीविषयी परस्परविरोधी कथने समोर असताना त्यांपैकी एक स्वीकारणे हे काम दोन्हींकडे घडते.

२

'मृच्छकटिका'च्या नवव्या अंकातील न्यायसभा हा या विषयाचा भारतीय साहित्यातील एक अत्यंत सूक्ष्म आविष्कार आहे. गोविंद बल्लाळ देवल यांच्या संगीत रूपांतरामुळे तो मराठी प्रेक्षकांच्याही परिचयाचा झाला. पुष्पकरंडक उद्यानात शकाराने वसंतसेनेचा गळा दाबला आहे आणि ती मेली असे समजून त्याने खुनाचा आरोप चारुदत्तावर आणला आहे. या अंकातील न्यायाधीश, म्हणजे अधिकरणिक, दुष्ट नाही, ही गोष्ट मुद्दाम लक्षात घेतली पाहिजे. तो श्रेष्ठी आणि कायस्थ यांच्या साहाय्याने रीतसर चौकशी करतो. चारुदत्ताविषयी त्याच्या मनात आदर आहे. शकार हा राजाचा मेहुणा असल्याने त्याच्या धमकीचे सावट सभेवर आहे, हे खरे; पण निर्णय केवळ धमकीने होत नाही. तो पुराव्याने होतो.

हा पुरावा कसा जमतो, ते पाहण्यासारखे आहे. वसंतसेनेची आई सांगते, की मुलगी चारुदत्ताकडे गेली होती. हे खरे आहे. वीरक सांगतो, की वसंतसेनेला घेऊन उद्यानाकडे निघालेली चारुदत्ताची गाडी आपण वाटेत पाहिली. त्याला तसे सांगण्यात आले होते, हेही खरे आहे. गाडीत प्रत्यक्षात आर्यक होता, हे त्याला ठाऊक नाही. उद्यानात श्वापदांनी विटंबलेले एका स्त्रीचे प्रेत सापडते. तेही खरे आहे. ती स्त्री मात्र वसंतसेना नव्हे. शेवटी मैत्रेयाच्या काखेतून वसंतसेनेचे दागिने सर्वांसमक्ष खाली पडतात. ते तिचेच आहेत. मातीच्या गाडीसाठी रडणाऱ्या रोहसेनाला तिने ते मायेने दिले होते. शकाराचा आरोप वगळला, तर यातील एकही साक्षीदार जाणूनबुजून चारुदत्तावर कुभांड रचीत नाही. वसंतसेनेची आई तर त्याला वाचविण्याचाच प्रयत्न करते. खऱ्या गोष्टी एकापुढे एक मांडत गेल्याने असत्य सिद्ध होते. शूद्रकाची ही जाण आजच्या फौजदारी न्यायव्यवहारालाही लागू पडावी अशी आहे.

या सर्व काळात चारुदत्त काय करतो? तो जवळजवळ काहीच बोलत नाही. गणिकेशी असलेला स्नेह उघड कबूल करण्याचा त्याला संकोच वाटतो. ती घरी गेली, यापलीकडे तो नीट सांगत नाही. गाडीची हकीकत सांगावी तर आर्यकाला दिलेले साहाय्य उघडकीस येईल, असाही या मौनाचा अर्थ लावता येतो. वसंतसेना नाही तर जगून काय करावयाचे, या भावनेने तो शेवटी लढणेच सोडतो. आपण तिला मारले असे म्हण, असा आग्रह शकार धरतो तेव्हा, ते तूच म्हटलेस, एवढेच तो उत्तरतो. आणि तीच त्याची कबुली मानली जाते. त्याला मरणापेक्षा अपकीर्तीची भीती अधिक आहे. चारुदत्ताच्या शब्दाला उज्जयिनीत मोठी पत आहे. ती पत तो वापरीत नाही, हे त्याच्या शोकांतिकेचे मर्म होय.

याच्या नेमके उलट स्थावरकाचे आहे. शकाराचा हा दास दहाव्या अंकात प्रासादावरून उडी टाकून वधस्थानाकडे निघालेल्या मिरवणुकीत शिरतो आणि खुनी कोण ते ओरडून सांगतो. संपूर्ण नाटकात प्रत्यक्ष माहितीवर आधारलेली अशी साक्ष ही एकच. पण याने सोने चोरले, मी त्याला शिक्षा केली, म्हणून हा सूड उगवीत आहे, एवढे शकाराने म्हणताच त्या साक्षीचे मोल संपते. दासाचा शब्द खरा असूनही चालत नाही. त्याच्यावर चोरीचा आरोप ठेवला की पुरे. चारुदत्तापाशी पत आहे, पण बोलणे नाही. स्थावरकापाशी बोलणे आहे, पण पत नाही. निरपराध माणसाला शिक्षा होण्यास ही दोन्ही कारणे पुरतात, असे हे नाटक दाखविते.

अखेरीस चारुदत्ताला वाचविते ते न्यायासन नव्हे. वसंतसेना जिवंत परत येते आणि त्याच वेळी राजसत्ता पालटते. चांडाळांपैकी एकाला त्याच्या बापाने सांगून ठेवलेले असते, की वधाची घाई करू नये. कोणी धन देऊन सोडवील, राजाला मुलगा होईल, हत्ती सुटेल, किंवा राजाच बदलेल. हा उपदेश वरवर विनोदी वाटतो. परंतु चुकीच्या निर्णयावर एकमेव खात्रीचा उपाय म्हणजे काळ, हे व्यवहारज्ञान त्यात आहे. ते नाटककाराने शास्त्रज्ञ न्यायाधीशाच्या तोंडी न घालता चांडाळाच्या तोंडी घातले, हेही अर्थपूर्ण आहे.

३

चारुदत्त सुटतो, कारण तो निष्कलंक आहे. प्रेक्षकाची सहानुभूती मिळवावयाची तर आरोपी सर्वथा शुद्ध असावा लागतो, असा एक अलिखित संकेत या परंपरेत दिसतो. १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकाने हा संकेत मोडला. लीला बेणारेवर खेळ म्हणून चालविलेल्या खटल्यात तिच्या खाजगी आयुष्यातील बऱ्याच गोष्टी खऱ्या निघतात. प्रश्न असा, की त्या खऱ्या असल्या म्हणून ती गुन्हेगार ठरते काय? खेळातले कोर्ट हा प्रश्न विचारीतच नाही. ती 'तसली' आहे, एवढे सिद्ध झाले की शिक्षा आपोआप येते. बेणारेला बोलण्याची मुदत दिली जाते तेव्हा ती गप्प असते. आणि तिचे प्रदीर्घ स्वगत सुरू होते तेव्हा भोवतालची माणसे थिजलेली असतात. तिचे म्हणणे प्रेक्षक ऐकतो, कोर्ट ऐकत नाही. कृत्याऐवजी व्यक्तीचा निवाडा कसा होतो, याचे इतके स्पष्ट दर्शन मराठी नाटकात क्वचितच घडले असेल.

४

तुरुंग हा मराठी साहित्यिकांच्या अनुभवविश्वाचा जुना भाग आहे. स्वातंत्र्यवीर सावरकरांचे 'माझी जन्मठेप' १९२७ साली प्रसिद्ध झाले. विनोबांची गीतेवरील प्रवचने १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात झाली व साने गुरुजींनी ती लिहून घेतली. त्याच गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. तुरुंग म्हणजे तपोभूमी, ही कल्पना मराठी मनात रुजली ती अशा लेखनामुळे.

या लेखनातील बंदी आणि निरपराध दंडित यांच्यातील भेद मात्र मूलभूत आहे. राजबंदी कृत्य नाकारीत नाही. ते कृत्य गुन्हा ठरविणारा कायदा नाकारतो. त्यामुळे त्याच्या कारावासाला अर्थ असतो, आणि तो अर्थ त्याने स्वतः दिलेला असतो. बाहेर त्याची वाट पाहणारा समाज असतो; सुटकेच्या दिवशी हार असतात. निरपराध दंडिताला कायदा मान्य असतो, कृत्य अमान्य असते. त्याच्या कारावासाला कसलाच अर्थ नसतो. तो त्याग नव्हे, प्रायश्चित्त नव्हे, तपश्चर्याही नव्हे. 'मी हे केले आणि त्याचा मला अभिमान आहे', या वाक्यावर आत्मचरित्र उभे राहू शकते. 'मी हे केलेच नाही', या एका वाक्यावर ते कसे उभे करावयाचे? ज्या घटनेने आयुष्य व्यापले, त्या घटनेत आपण नव्हतोच, हे त्याला जन्मभर सांगत राहावे लागते. मराठी तुरुंगवाङ्मयाने घडविलेली भाषा, तिच्यातील धैर्य, ध्येय, यज्ञ हे शब्द, त्याच्या उपयोगी पडत नाहीत.

५

ही दुसरी भाषा मराठीत आली ती भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांतून. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ साली प्रसिद्ध झाले. दोन्ही कृतींना साहित्य अकादमीचे पुरस्कार लाभले. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने 'उचल्या'चे महत्त्व विशेष आहे. कारण त्यातील समाजाचे दोषित्व कोणत्याही खटल्याच्या आधीच ठरून गेलेले आहे.

हे दोषित्व कायद्याने निर्माण केले होते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यान्वये सरकारला एखादी जमात गुन्हेगार म्हणून अधिसूचित करता येई. एकदा अधिसूचना निघाली की तिच्या वैधतेबद्दल कोणत्याही न्यायालयात दाद मागण्याची सोय नव्हती. जमातीतील माणसांची नोंद होई, त्यांच्या हालचालींवर निर्बंध येत, आणि निर्बंध मोडणे हाच गुन्हा होई. १९११ च्या कायद्याने ही व्यवस्था मुंबई इलाख्यासह देशात इतरत्र पसरण्याचा मार्ग मोकळा झाला. सोलापुरातील सेटलमेंट या वस्तीच्या नावात त्या काळाची खूण अद्याप टिकून आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' ठरल्या. तथापि सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांनी पाळतीची जुनी पद्धत वेगळ्या रूपाने चालू राहिली.

'उचल्या'त हे सारे घरातल्या घटना म्हणून येते. कोठेतरी चोरी झाली की पोलीस येतात. झडती, मारहाण, पकडून नेणे, सोडविण्यासाठी पैसा उभा करणे, हा क्रम ऋतुचक्रासारखा चालू राहतो. चोरी कोणी केली हा प्रश्न त्यात गौण असतो. कोणाला पकडावयाचे हे आधीच माहीत असते. येथे पुराव्यावरून माणसाकडे जाण्याऐवजी माणसावरून पुराव्याकडे जाणे घडते.

परंतु 'उचल्या'चे खरे धैर्य याहून वेगळे आहे. आपली माणसे निष्पाप आहेत, असे लेखक म्हणत नाही. खिसे कापणे, गर्दीतून वस्तू उचलणे, लहान मुलांना त्याचे शिक्षण देणे, हे सारे तो न लपविता सांगतो. कुटुंबाला त्या धंद्यात ढकलणारी भूकही सांगतो. साहजिकच वाचकाची मोठी अडचण होते. चारुदत्तावर विश्वास ठेवणे सोपे आहे. ज्या माणसाने काल चोरी केली, तो आजची चोरी आपली नाही असे म्हणतो, त्याच्यावर विश्वास ठेवणे कठीण आहे. आणि न्यायाची कसोटी लागते ती येथेच. कायद्याने निर्दोष ठरण्यासाठी साधू असण्याची अट घातलेली नाही. आरोपातील विशिष्ट कृत्य सिद्ध झाले नाही, एवढे पुरे असते. 'मृच्छकटिका'ने रुजविलेली निष्कलंक आरोपीची अपेक्षा 'उचल्या' मोडून काढते, आणि वाचकाला स्थावरकाचा शब्द ऐकावयास लावते.

६

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या निकालाकडे या पार्श्वभूमीवर पाहता येईल. नाशिक जिल्ह्यात २००३ साली एका कुटुंबावर रात्री भीषण हल्ला झाला. पाच जणांचे खून झाले. या प्रकरणी भटक्या जमातीतील सहा गरीब मजुरांवर खटला चालला. २००६ साली सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली. २००७ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली व तिघांची जन्मठेपेत बदलली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशी दिली. पुढे फेरविचाराची सुनावणी नव्याने झाली आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांची निर्दोष मुक्तता केली.

हल्ल्यातून वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने घटनेनंतर लगेचच पोलिसांकडील छायाचित्रांवरून चार वेगळ्याच माणसांना ओळखले होते. त्या दिशेने तपास नेण्यात आला नाही. न्यायालयाने तपासातील या त्रुटींवर कठोर ताशेरे ओढले, जबाबदार अधिकाऱ्यांबाबत चौकशीचा आदेश दिला आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये देण्यास राज्य शासनाला सांगितले. हे सहा जण समाजाच्या तळच्या थरातील आहेत, त्यांची उमेदीची वर्षे तुरुंगात गेली आणि त्यांच्या कुटुंबांनीही सोसले, याची नोंद निकालपत्रात आहे. सुमारे सोळा वर्षांचा हिशोब मांडला तर ही रक्कम दिवसाला ८५ रुपयांच्या आसपास येते.

ज्या कुटुंबाने माणसे गमावली, त्याच्यावरही येथे अन्याय झाला, हे विसरता येणार नाही. चुकीच्या माणसाला शिक्षा होते तेव्हा खरा गुन्हेगार मोकळा राहतो. चारुदत्त सुळाकडे नेला जात असताना शकार प्रासादातून ती मिरवणूक पाहत असतो, हे शूद्रकाने दाखविलेच आहे.

नाटक आणि निकाल यांतील साम्य येथवर चालते. पुढे चालत नाही. चारुदत्ताला नवा राजा राज्य देतो, वसंतसेनेला वधूपद मिळते, स्थावरकाचे दास्य संपते. सुटकेनंतरचे आयुष्य नाटकात एका क्षणात पूर्ण होते. वास्तवात ते त्या क्षणी सुरू होते. भरपाईचा प्रश्न तर न्यायालयाच्या विवेकावरच अवलंबून राहिला. विनाकारण अटक झालेल्यास देण्याची रक्कम जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५८ ने एक हजार रुपयांपुरती मर्यादित केली होती. विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मधील २७७ व्या अहवालात, चुकीने खटला भरल्या गेलेल्यांसाठी भरपाई आणि पुनर्वसन यांची कायदेशीर तरतूद करण्याची शिफारस केली. त्या अहवालात पैशाबरोबरच समुपदेशन, व्यवसायशिक्षण आणि समाजातील डाग पुसणे यांचाही विचार आहे.

७

हा डाग भाषेतही असतो, आणि तो मराठीच्या अभ्यासकांच्या कक्षेतील विषय आहे. मराठीत 'तो सुटला' हे वाक्य जामिनावर बाहेर आलेल्याविषयी वापरले जाते, शिक्षा भोगून आलेल्याविषयी वापरले जाते, पहाऱ्यातून निसटलेल्याविषयी वापरले जाते आणि निर्दोष ठरलेल्याविषयीही तेच वापरले जाते. वृत्तपत्रांतील 'पुराव्याअभावी सुटका' या शब्दप्रयोगात तर गुन्हा केला असावा पण पकडता आला नाही, अशी सूचनाच असते. वास्तविक पुराव्याचा अभाव हा निर्दोषत्वाचा उणा प्रकार नाही. निरपराध माणसाविरुद्ध पुरावा नसणे ही अगदी स्वाभाविक गोष्ट होय. 'दोषी' ठरविण्यासाठी भाषेपाशी अनेक शब्द आहेत. निर्दोष ठरलेल्याला त्याचे पूर्वीचे नाव परत देणारा एकही रुळलेला शब्द नाही.

निकालपत्र वाचताना आणखी एक गोष्ट जाणवते. त्यात साक्षीदार बोलतात, वकील बोलतात, न्यायमूर्ती बोलतात. ज्यांच्या जीवनमरणाचा प्रश्न आहे त्या सहा जणांना तेथे क्रमांक असतात. आरोपी क्रमांक एक, आरोपी क्रमांक दोन. फाशीची शिक्षा डोक्यावर असताना वर्षे कशी गेली, पहाटे पावलांचा आवाज आला की काय वाटे, गावी कोण उरले आणि परतल्यावर कोणी दार उघडले, हे सांगणे निकालपत्राचे काम नाही. ते काम आत्मकथनाचे, कादंबरीचे आणि नाटकाचे आहे. भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांनी त्याचा पाया घालून दिला आहे.

सारांश, निरपराध दंडिताच्या कथनाचे मर्म 'सत्य लपले' यात नसून 'सांगितलेले सत्य ऐकले गेले नाही' यात आहे. चारुदत्ताची कथा सत्य प्रकट होण्याची कथा म्हणून वाचली गेली. ती स्थावरकाची कथा म्हणूनही वाचता येते. सर्वांसमक्ष, मोठ्याने, आणि वेळेवर सत्य सांगणारा एक माणूस त्या रस्त्यावर होता. त्याच्यावर विश्वास ठेवण्यासाठी वसंतसेना जिवंत परत येण्याची वाट पाहावी लागली.